घडीव की ओतीव?

आई मोरीतून बाहेर येताना पाय सरकून पडली आणि तिला उठताच येईना. एक्स-रे काढला तेव्हा कळलं, खुब्याचं हाड मानेपाशी मोडलंय. बॉल बदलायचा, परवा सकाळी घ्यायचं, रक्ताच्या दोन बाटल्यांची सोय करून ठेवायची, असं सगळं भराभर ठरलं. संध्याकाळच्या राउंडला सर्जन आले. तरुण होते, बोलणंही मऊ होतं. त्यांनी मोबाइलवर एक चित्र काढून आईसमोर धरलं. वर गोळा, खाली निमुळती होत गेलेली पोलादी दांडी. ही दांडी तुमच्या मांडीच्या हाडात बसेल, आजी. आईने माझ्याकडे चष्मा मागितला, चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, "डॉक्टर, ही घडीव आहे का ओतीव?" त्यांना वाटलं ती पैशांचं विचारतेय. "चांगल्या कंपनीची आहे आजी, अजिबात काळजी करू नका." आई म्हणाली, "कंपनी नाही विचारली मी." ते हसले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पुढच्या कॉटकडे गेले.

दुखतंय किती, चालता कधी येईल, खर्च किती, यातलं काहीही तिने विचारलं नाही. एवढंच विचारलं. सत्तरी ओलांडलेली, सातवी शिकलेली बाई, पाय वजन लावून ताणून ठेवलेला, आणि त्या वॉर्डात योग्य प्रश्न तिला एकटीलाच सुचला होता. उत्तर मात्र कुणाकडेच नव्हतं. डॉक्टरांकडे नव्हतं, सिस्टरकडे नव्हतं, माझ्याकडेही नव्हतं. रात्री भांडुपला घरी येताना लोकलच्या दारात उभी होते आणि हा प्रश्न डोक्यातून हलत नव्हता.

माझं बालपण टेंभीपाड्याच्या चाळीत गेलं. तेव्हा लाल बहादूर शास्त्री मार्ग म्हणजे कारखान्यांची रांग होती. बाबा त्यातल्याच एका फोर्जिंग शॉपमध्ये, म्हणजे तापलेलं पोलाद ठोकून घडवायच्या कारखान्यात होते. लागले हेल्पर म्हणून, निवृत्त झाले हॅमरमन म्हणून. वारा आमच्याकडचा असला की हॅमरचा आवाज घरात यायचा. आवाज येण्याआधी जमीन सांगायची. पायाच्या तळव्यांना एक जाड ठोका जाणवायचा, मांडणीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून किणकिणायची, आणि मग तो आवाज. रात्रपाळीला हॅमर अचानक थांबला तर आई झोपेतून उठून बसायची. डाय फुटली असेल, नाहीतर भट्टी बसली असेल, असं पुटपुटायची आणि ठोके पुन्हा सुरू होईपर्यंत आडवी व्हायची नाही. बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला फर्नेस ऑइलचा आणि जळक्या लोखंडाचा वास असायचा. आंघोळीने तो वास जात नसे. हातांवर, मनगटाच्या वर, बारीक बारीक पांढरे डाग होते. उडालेल्या खपलीचे चटके. तापलेल्या पोलादावर हवेने जो काळा थर चढतो, त्याला शॉपमध्ये स्केल म्हणायचे. पहिल्या घावाला तो थर फुटतो आणि चहूकडे उडतो.

बाबांचे वडील परळच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये, स्मिथी शॉपला होते. जीआयपी रेल्वेने, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेच्या आधीच्या कंपनीने, ते वर्कशॉप १८७९ मध्ये काढलं. आजोबांचं काम ऐरणीवरचं. सपाट ऐरण, वर घण, आणि वस्तूचा आकार लोहाराच्या नजरेत. बाबांचं काम वेगळं होतं. त्यांच्याकडे आकार आधीच कोरलेला असायचा. पोलादाचे दोन जाडजूड ठोकळे, त्यांना डाय म्हणतात. खालची डाय हॅमरच्या बैठकीत घट्ट बसवलेली, वरची डाय वरखाली होणाऱ्या जड रॅमला लावलेली. वस्तूचा अर्धा आकार खालच्या ठोकळ्यात खोल कोरलेला, अर्धा वरच्यात. मध्ये १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलेला पोलादाचा तुकडा ठेवायचा आणि हाणायचं. दोन्ही ठोकळे मिटले की आतली पोकळी म्हणजेच वस्तू. याला क्लोज्ड डाय फोर्जिंग म्हणतात. पान्यांवर 'ड्रॉप फोर्ज्ड' असं उमटवलेलं असतं ते यातलंच.

हे मला बाबांनी समजावलं ते गणपतीत, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून. आई साच्यातले मोदक करत होती. साच्यात उकड मोजून घातली तर कळ्या नीट उमटत नाहीत. थोडी जास्तच घालावी लागते. साचा दाबला की जादाची उकड फटीतून बाहेर येते, ती बोटाने काढून टाकायची. बाबा म्हणाले, आमच्याकडे हेच, फक्त आमची उकड पिवळी जळती असते. त्यांनी फटीतून आलेली उकडीची ती पातळ कड उचलून मला दाखवली. ही फ्लॅश. सगळ्यांना वाटतं ही वाया गेली. पण हिच्याशिवाय काम होत नाही.

ती गोष्ट मला तेव्हा अर्धीच कळली. पुढे जिथे जिथे या विषयावर वाचायला मिळालं तिथे तिथे मी फ्लॅशबद्दलचा भाग आधी वाचत गेले, आणि अजूनही मला तो या सगळ्या कामातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. डायच्या आकाराभोवती एक अरुंद पट्टी मुद्दाम सोडलेली असते. त्या पट्टीपलीकडे एक चर. घाव बसला की धातू आधी जिथे वाट सोपी तिथे पळतो, म्हणजे बाजूला, त्या पट्टीतून बाहेर. पण पट्टीत तो पातळ पसरतो, पातळ झाला की पटकन निवतो, निवला की कडक होतो, आणि मग मागून येणाऱ्या धातूची वाट तोच अडवून धरतो. आता आतल्या धातूला पळायला जागा नाही. दाब वाढत जातो आणि तो नाइलाजाने अवघड जागी शिरतो. बारीक कोपरे, खोल खाचा, उंच कडा भरतात. पट्टी फार रुंद ठेवली तर डायवर भलता ताण येतो, फार उघडी ठेवली तर धातू निसटून जातो आणि कोपरे रिकामे राहतात. या एका पट्टीची जाडी ठरवण्यात डाय करणाऱ्याचं आयुष्य जातं. घडून झाल्यावर ट्रिमिंग प्रेसवर ती फ्लॅश एका दणक्यात कापली जाते आणि भंगारात जाते. कित्येक कामांत आत घातलेल्या पोलादाचा पाचवा हिस्सा असा निघून जातो. तिथून भट्टीत आणि पुन्हा पोलाद.

एका घावात वस्तू होत नाही, हेही बाबा आवर्जून सांगायचे. एकाच डायवर शेजारी शेजारी टप्पे कोरलेले असतात. आधी तुकडा मधे बारीक करून लांबवायचा, मग धातू जिथे जास्त लागणार तिथे गोळा करायचा, मग वाकवायचं, मग ओबडधोबड आकार, आणि शेवटी अंतिम आकार. सांडशीत धरलेला तो जळता तुकडा बाबा एका टप्प्यातून दुसऱ्यात सरकवत जायचे. पायाखाली हॅमरचं पेडल. रंग पिवळ्याचा नारिंगी आणि नारिंगीचा लाल व्हायच्या आत सगळं संपवायचं. लाल झालेल्या तुकड्यावर हाणलं तर वस्तू भरत नाही आणि डाय तडकते. फार तापवलं तर पोलाद आतून जळतं, भट्टीतून काढतानाच त्यातून ठिणग्या फुटतात, आणि मग त्याला कशानेही वाचवता येत नाही. तापमान मोजायचं यंत्र शॉपमध्ये होतं, पण बाबांच्या डोळ्यावर फोरमनचा विश्वास त्याहून जास्त होता.

खंडेनवमीला घरच्यांना आत जायला मिळायचं. हॅमरला झेंडूची माळ, खाली हळदकुंकू, नारळ. पूजा झाली की बाबा मुलांसाठी एक खेळ करायचे. अर्धी उघडलेली काडेपेटी खालच्या डायवर उभी ठेवायचे आणि तो टनावारी वजनाचा रॅम इतका अलगद खाली आणायचे की पेटी नुसती मिटायची. चुरगळायची नाही. आम्ही टाळ्या वाजवायचो. आई वाजवायची नाही, ती नुसती बघायची.

डाय कोरणारे लोक वेगळ्या खोलीत बसायचे. तिथे आवाज कमी आणि उजेड चांगला. तिथल्या एका काकांनी मला शिशाचा गिअर दाखवला होता. नवी डाय कोरून झाली की दोन्ही ठोकळे मिटवून आत शिसं ओततात, आणि निघालेला शिशाचा नमुना मोजून बघतात. पोकळीला मापपट्टी लावता येत नाही, म्हणून आतलं रिकामेपण असं भरून बाहेर काढायचं. तो शिशाचा गिअर मऊ होता, नखाने ओरखडा पडत होता. आता डाय संगणकाला जोडलेल्या यंत्रावर कोरल्या जातात, पण झिजणं, तडकणं आणि पुन्हा वरचा थर उतरवून नव्याने कोरणं चुकलेलं नाही.

आता आईच्या प्रश्नाकडे येते. ओतीव वस्तू म्हणजे वितळवलेला धातू साच्यात ओतून थिजवलेली. घडीव म्हणजे घन धातू तापवून, दाबून आकारात आणलेली. बाहेरून दोन्ही एकाच मापाच्या, एकाच रंगाच्या असू शकतात. फरक आत असतो. थिजताना धातू आक्रसतो आणि त्यात बारीक पोकळ्या राहून जाण्याची भीती असते. शिवाय धातू आतून बारीक स्फटिकांचा, म्हणजे दाण्यांचा बनलेला असतो, आणि ओतीव धातूच्या दाण्यांना एक दिशा नसते. पोलादाचा रोल केलेला बार घेतला तर त्याच्या दाण्यांच्या, त्यातल्या अशुद्ध कणांच्या रेघा लांबीच्या दिशेने गेलेल्या असतात. त्या बारमधून वस्तू कातून काढली तर या रेघा वळणावर तुटतात. तोच बार घडवला तर रेघा वस्तूबरोबर वळतात, खांद्यापाशी खांद्याचा बाक घेतात, मानेपाशी बारीक होऊन एकमेकींजवळ येतात. हे डोळ्यांनी पाहता येतं. वस्तू मधोमध उभी कापायची, गुळगुळीत करायची आणि गरम हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवायची. थोड्या वेळाने रेघा वर येतात. बाबांनी एकदा असा कापलेला, इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडचा तुकडा घरी आणला होता. आईने तो बराच वेळ हातात धरला होता. तिची बोटं त्या रेघांवरून वळणापर्यंत जाऊन थांबत होती, आणि मला वाटतं तिचा प्रश्न त्या दिवशी तयार झाला.

या फरकाने माणसं मरतात आणि जगतात. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस, म्हणजे दोन चाकं जोडणारा दांडा, तुटला, डबे एकमेकांवर चढले, आग लागली, पन्नासाहून अधिक माणसं गेली. डब्यांची दारं बाहेरून कुलूपबंद होती. त्यानंतर रँकिन नावाच्या स्कॉटिश अभियंत्याने तुटलेले आस तपासले आणि दाखवलं, की जिथे आसाची जाडी एकदम बदलते त्या खांद्यापाशी बारीक चीर सुरू होते आणि दिवसेंदिवस आत सरकत जाते. पुढे १८५० आणि १८६०च्या दशकांत जर्मनीत ऑगस्ट व्योलर या रेल्वेतल्याच माणसाने आस पुन्हा पुन्हा वाकवून तोडले आणि सिद्ध केलं, की धातू एका मोठ्या ओझ्याने मोडतो तसा लहान ओझ्यानेही मोडतो, ते पुरेशा वेळा पडलं तर. धातू थकतो. कोपऱ्यावर गोलाई द्या, दाण्यांच्या रेघा तुटू देऊ नका, पृष्ठभाग नीट राखा, हे शहाणपण तिथून आलं.

कल्याणहून सीएसएमटीकडे जाणाऱ्या सकाळच्या फास्टमध्ये उभं राहिलं की मला व्योलर आठवतो. माणसांनी भरलेला डबा, प्रत्येक सांध्यावर दणका, प्रत्येक स्टेशनला ब्रेक. आमच्या पायाखाली आस फिरत असतात, तेही घडीवच, फक्त ते बंद डायमध्ये नाही, लांब वस्तू घडवायच्या वेगळ्या यंत्रावर होतात. ब्रेकचे दुवे, कड्या, आकडे मात्र बाबांच्या प्रकारचे. आणि न्यायाने सांगायचं तर ओतीव म्हणजे कच्चं असंही नाही. बंगळूरजवळच्या येलहंकाच्या कारखान्यात रेल्वेची चाकं ओतूनच करतात, आणि ती देशभर धावतात. इंजिनाचा ब्लॉक ओतीवच लागतो, इतक्या आतल्या वाटा घडवून काढताच येणार नाहीत. कित्येक पेट्रोल गाड्यांचे क्रँकशाफ्टही ओतीव असतात आणि चांगले चालतात. ओझं कुठल्या दिशेने, किती वेळा येणार, यावर ते ठरतं. जिथे ते वळणावर आणि लाखो वेळा येतं, तिथे घडीव.

खुब्यात ते तसंच येतं.

साधं चालताना प्रत्येक पावलाला खुब्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट ओझं पडतं. जिना चढताना त्याहून जास्त. वर्षाकाठी एका पायाची दहा लाख पावलं धरली जातात. म्हणून अशा दांड्यांच्या चाचणीत त्यांच्यावर पन्नास लाख वेळा ओझं टाकून काढतात. १९७०च्या दशकात रुग्णांच्या मांडीत बसवलेल्या काही दांड्या मध्येच मोडल्या होत्या, थकून, व्योलरच्या आसांसारख्याच. त्यानंतर जास्त मजबूत मिश्रधातू आले आणि दांड्या घडवून करण्यावर भर आला. गुडघ्याच्या सांध्यात वरच्या हाडाला जी वळणदार टोपी बसवतात, ती मात्र बहुतेक ओतीव असते. कोबाल्ट-क्रोमची. तिथे ते चालतं. हे सगळं मी त्या दोन रात्री दवाखान्याच्या पॅसेजमध्ये बसून मोबाइलवर वाचून काढलं. बाजूच्या बाकड्यावर एक बाई नवऱ्यासाठी जप करत होती. मी मिश्रधातूंचे तक्ते वाचत होते. दोघींचं काम एकच होतं असं मला आजही वाटतं.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी फाइलमध्ये इम्प्लांटचे स्टिकर चिकटवलेले दिसले. माप, कॅटलॉग नंबर, लॉट नंबर. खोक्यातला बारीक टाइपातला कागद मी सिस्टरकडून मागून घेतला. त्यावर लिहिलं होतं, जास्त नायट्रोजनचं स्टेनलेस स्टील, फोर्ज्ड. मी आईच्या कानाशी वाकून सांगितलं, "आई, घडीव आहे." ती औषधांच्या ग्लानीत होती. "मग ठीक," म्हणाली. संध्याकाळी वॉकर धरून पहिल्यांदा उभी केली तेव्हा फिजिओथेरपिस्टला वाटलं आजी घाबरतील. आईने पाय टेकला आणि सगळं वजन टाकलं.

त्या लॉट नंबरनेही मला बराच काळ सोडलं नाही. माझी बँकेची नोकरी. बरीच वर्षं मी सी. पी. टँकजवळच्या शाखेत होते. गुलालवाडी, खेतवाडी, किका स्ट्रीट या गल्ल्यांमध्ये एकेका जिन्यावर चार चार फ्लँज निर्यातदारांची ऑफिसं आहेत. पाइपाला पाइप जोडायची भोकांची जाड कडी म्हणजे फ्लँज. त्यांची निर्यातीची कागदपत्रं माझ्या टेबलावरून जायची. 'फोर्ज्ड कार्बन स्टील फ्लँजेस, ए १०५'. स्टेनलेस असेल तर 'ए १८२'. माल आखातातल्या रिफायनऱ्यांना, आपल्याकडे तेलाच्या प्लॅटफॉर्मना. बॉम्बे हायला १९७४ मध्ये तेल लागलं, आणि समुद्रातून उरणला येणाऱ्या त्या सगळ्या व्यवहारात किती जोड असतील याचा मी हिशेब करू शकत नाही. प्रत्येक खेपेबरोबर एक टेस्ट सर्टिफिकेट असायचं. त्यावर हीट नंबर. पोलादाच्या ज्या घाण्यातून, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या पोलादातून तो तुकडा आला, त्याचा नंबर. तोच फ्लँजवर ठोकलेला असतो. उद्या कुठे जोड फुटला तर उलट माग काढत जायचं. कुठल्या कारखान्यात पोलाद वितळलं, त्यात कार्बन किती, मँगॅनीज किती, कुठल्या तारखेला घडलं, घडल्यावर कुठल्या भट्टीत पुन्हा तापवलं, सगळं सापडतं. सर्टिफिकेटवर सांडशी कुणी धरली होती ते नसतं. पेडलवर कुणाचा पाय होता ते नसतं. बाबांच्या हातून ट्रकच्या गिअरबॉक्सचे, स्टिअरिंगचे किती भाग गेले असतील, आणि ते कुठल्या घाटातून धावले, हे त्यांना कधी कळलं नाही. ड्रॉइंगवर नुसता पार्ट नंबर असायचा. ज्यांच्या भरवशावर लोक घाट उतरले त्यांना वस्तूचं नाव माहीत नव्हतं, आणि उतरणाऱ्यांना माणसाचं.

त्याचं दुसरं टोक आमच्या घरात होतं. बाबांना ऐकू येत नव्हतं. एका दिवसात गेलं नाही. जास्त आवाजाने जाणारी श्रवणशक्ती आधी वरच्या, बारीक स्वरांत जाते. चार हजार हर्ट्झच्या आसपास. मोठे, जाड आवाज नीट कळतात, त्यामुळे माणसाला स्वतःलाही वाटतं की आपलं ठीक आहे. जातात ती व्यंजनं. स, श, फ, ख. बायकांचे आणि लहान मुलांचे आवाज. भावाने आवाज फुटल्यावर काही विचारलं की बाबा उत्तर द्यायचे. मी विचारलं की वर्तमानपत्रातून डोकं वर काढायचे नाहीत. मला वाटायचं त्यांना माझ्याशी बोलायला आवडत नाही. पुष्कळ वर्षं वाटायचं. गणपतीतला तो मोदकाचा दिवस मला इतका लख्ख आठवतो, कारण त्या दिवशी त्यांनी आपण होऊन माझ्याशी इतकं बोलणं केलं होतं. आमच्याकडचे नियम आठ तासांच्या पाळीला नव्वद डेसिबलची मर्यादा सांगतात. हॅमर शॉपमध्ये शंभरच्या वर आवाज असणं ही रोजची गोष्ट. कामामुळे गेलेली श्रवणशक्ती हा भरपाईच्या कायद्यातल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. त्यांच्या पाळीतल्या एकालाही कुणी हे सांगितलं नाही. निवृत्तीला चांदीचा गणपती दिला, हार घातला, फोटो काढला. मला त्या कामाचा अभिमान आहे आणि त्याच कामाचा राग आहे, आणि एकाने दुसरं कमी होत नाही.

भांडुपमध्ये आता हॅमर ऐकू येत नाही. तिथे मॉल आले, टॉवर आले. फोर्जिंग शॉप वसई, पालघरच्या बाजूला सरकली आणि मोठं काम पुण्याकडे. आई चालायला लागल्यावर मी एका जुन्या खातेदाराला विचारून वसईच्या त्याच्या शॉपमध्ये गेले. जमिनीतून ठोका तळव्यांना आला तेव्हा मी दारातच थांबले. आत तेलाच्या भट्टीऐवजी इंडक्शन हीटर होता. तांब्याच्या वेटोळ्यातून तुकडे एकेक पिवळे होऊन बाहेर येत होते, धूर नाही. डायवर ग्रॅफाइटचं काळं पाणी फवारलं जात होतं. हॅमरवर झारखंडचा एक मुलगा होता, पंचविशीचा. हात इतके जलद की टप्पे मोजता येईनात. चहाच्या सुट्टीत मी त्याला विचारलं, हे कुठे लागतं? त्याला माहीत नव्हतं. मालक म्हणाले, ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचा स्टब अॅक्सल आहे. मुलाने गार झालेला एक तुकडा उचलला, फिरवून बघितला आणि विचारलं, "कौन सा ट्रॅक्टर?" मालकांनी नाव सांगितलं. त्याने तो तुकडा ट्रॉलीवर ठेवताना आधीच्यासारखा टाकला नाही.

त्याच्या गळ्यात दोरीला नारिंगी इअरप्लग लोंबत होते. कानात नव्हते. लावले तर सांडशीवाल्याची हाक ऐकू येत नाही म्हणाला, आणि ते खरंच आहे. बाबाही हेच सांगायचे. मी मालकांना ऑफिसमध्ये बसून सांगितलं, हाकेऐवजी दिव्याची खूण लावा, कानावर बसणारे चांगले मफ आणा, आणि वर्षातून एकदा सगळ्यांचे कान तपासून घ्या, नोंद ठेवा, जेवढी काळजी हीट नंबरची घेता तेवढी. ते आधी खर्चाचं बोलले, मग पोरं टिकत नाहीत, चाकणला पळतात म्हणाले. मग त्यांनी माझ्या वडिलांबद्दल विचारलं. मी सगळं सांगितलं. तपासणीचं दिवाळीनंतर करू, असं त्यांनी कबूल केलं आहे. मुलुंडच्या एका ऑडिओलॉजिस्टशी माझं बोलणं झालंय, ती तिचं मशीन घेऊन तिथे यायला तयार आहे. भाऊबीज झाली की मी मालकांना तारीख मागणार आहे.